एका इशाऱ्यावर आठ पंखे

पीसीची काचेची बाजू सगळेच बघतात. आतले दिवे, ग्राफिक्स कार्डाचा रुबाब, पंख्यांची फिरती चक्रं. मला मात्र पलीकडची पत्र्याची बाजू उघडायला आवडते. तिथे वायरींच्या जुडग्यात, मदरबोर्डच्या पाठीमागच्या पत्र्याला चिकटवलेली एक काळी पट्टी असते, साधारण दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढी. तिच्यावर पंख्यांच्या पिना खोचायच्या आठ-दहा जागा, एक बारीक वायर मदरबोर्डकडे गेलेली, एक जाड वायर एसएमपीएसकडून आलेली. हा फॅन हब.

लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात नव्या पीसीची यादी करायला बसा. प्रोसेसरवर अर्धा तास, ग्राफिक्स कार्डावर अर्धा तास, कॅबिनेटच्या रंगावरसुद्धा दहा मिनिटं. हबचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, तोही मदरबोर्डवर पंख्यांच्या जागा पुरत नाहीत हे लक्षात आलं तर. माझ्या मते तो वर यायला हवा. पीसी रात्री झोपायच्या खोलीत चालणार असेल, तर यादीतल्या पहिल्या पाच वस्तूंत. का, ते सांगतो. आणि सांगता सांगता या छोट्या पट्टीच्या आसपासच्या काही गमतीही.

चाकाचा तुंबा

हब हा शब्द मुळात चाकाचा. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध जो लाकडी गोळा असतो, ज्यात सगळे आरे येऊन बसतात, तो तुंबा म्हणजे हब. संस्कृतात त्यालाच नाभी म्हणतात, आणि इंग्रजीत चाकाच्या तुंब्याला जो जुना शब्द आहे, 'नेव्ह', तो या नाभीचाच लांबचा भाऊबंद आहे. पंख्याच्या मधल्या गोल भागालाही, जिथे मोटर बसते आणि पाती फुटतात, हबच म्हणतात. म्हणजे आपल्या कॅबिनेटमध्ये हबला जोडलेल्या प्रत्येक पंख्याच्या पोटात आणखी एक हब आहे.

चौथी तार

पंख्याच्या टोकाला चार पिना असतात. इंटेलने ठरवून दिलेले रंग असे: काळी तार परतीची, पिवळी १२ व्होल्टची, हिरवी वेग कळवणारी आणि निळी हुकूम आणणारी. हल्ली बरेच पंखेवाले दिसायला बरं म्हणून चारही तारा काळ्याच ठेवतात, पण क्रम तोच राहतो.

खरी करामत निळ्या तारेची. वेग कमी करायचा जुना उपाय म्हणजे वीजच कमी देणं: १२ व्होल्टऐवजी ९, ७, ५. नळाची तोटी अर्धी फिरवण्यासारखं. पण पंखा फार कमी व्होल्टवर सुरूच होत नाही, कुरकुरत जागीच थांबतो. म्हणून चार तारांच्या पंख्यात १२ व्होल्ट कायम पूर्ण मिळतात आणि निळ्या तारेवरून फक्त 'चालू-बंद, चालू-बंद' असा ठेका येतो. दर ठेक्यात 'चालू' किती वेळ आणि 'बंद' किती वेळ, यावरून पंख्याने आपला वेग ठरवायचा. ४० टक्के वेळ चालू, तर वेग मंद. १०० टक्के, तर पूर्ण. याला पीडब्ल्यूएम म्हणतात.

हा ठेका किती जलद? इंटेलच्या नियमाप्रमाणे सेकंदाला २५,००० वेळा. २१,००० ते २८,००० च्या दरम्यान चालतं. आकडा उगाच निवडलेला नाही. माणसाचा कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. त्याच्या खाली ठेका असता तर मोटरच्या वेटोळ्यांतून तो शिट्टीसारखा कानावर येऊ शकला असता. मिनिटाला १००० फेऱ्या घेणाऱ्या पंख्याचा एक गरका पुरा होईपर्यंत या तारेवरून १५०० ठेके येऊन गेलेले असतात. पात्याला धक्के जाणवत नाहीत. त्याला फक्त सरासरी कळते.

आणि एक गोष्ट मला विशेष आवडते. निळी तार तुटली किंवा लावायचीच राहिली, तर पंखा थांबत नाही. तो पूर्ण वेगाने पळतो. पंख्याच्या आतच अशी सोय आहे की हुकूम ऐकू आला नाही तर जास्तीत जास्त वारा द्यायचा. ज्याने हा नियम लिहिला त्याने बिघाड होणारच हे धरून लिहिला, आणि बिघाड झाला तर कानाला त्रास होईल पण यंत्र जळणार नाही, अशी बाजू निवडली.

चोपदार आणि दिंड्या

आता हब नेमकं करतो काय? तो मदरबोर्डकडून एक निळा इशारा घेतो आणि सगळ्या पंख्यांना तोच वाटतो. वीज मात्र मदरबोर्डकडून न घेता थेट एसएमपीएसकडून आणतो. बस्स. साध्या हबला डोकं नसतं, तापमान कळत नाही, ठरवायचं सगळं मदरबोर्डने.

वारीत संध्याकाळी मुक्कामाला समाजआरती असते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार हातातला चोप उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. एक इशारा, असंख्य दिंड्या. पण तिथे एक सोय आहे जी साध्या फॅन हबमध्ये नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, आणि चोपदार तिच्याकडे जाऊन विचारपूस करतात.

हबमध्ये उलट बोलायचा हक्क एकाच पंख्याला असतो. पंखा दर फेरीला हिरव्या तारेवर दोन टिचक्या देतो. मदरबोर्ड त्या मोजून वेग दाखवतो. आठही पंख्यांच्या टिचक्या एकाच तारेवर सोडल्या तर त्या एकमेकींत मिसळतील आणि पडद्यावर भलताच आकडा येईल. म्हणून हबच्या एकाच जागेची हिरवी तार पुढे मदरबोर्डपर्यंत जोडलेली असते, बाकीच्या जागांची नसते. कित्येक हबांवर तर त्या ठिकाणी पिनच नसते. ही बोलकी जागा बहुधा १ नंबरची, कधी लाल रंगाची, कधी बाजूला छोटं चिन्ह असलेली.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चौथ्या जागेवरचा पंखा बंद पडला तरी पडद्यावर सगळं आलबेल दिसेल. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन डोळ्यांनी बघणं हाच उपाय. दुसरी मी स्वतः अनुभवली. पहिल्यांदा हब लावला तेव्हा सोयीच्या वाटल्या म्हणून टोकाच्या जागा भरल्या आणि १ नंबर मोकळा राहिला. शिवाय हबची वायर मी प्रोसेसरच्या पंख्याच्या जागेवर लावली होती. पीसी सुरू केला तर काळ्या पडद्यावर 'सीपीयू फॅन एरर'. सात पंखे डोळ्यांसमोर भिरभिरत होते आणि मदरबोर्डच्या लेखी एकही पंखा नव्हता. एक वायर उचलून १ नंबरला लावली, आणि सगळं सुरळीत.

एक अँपियरचं गणित

मदरबोर्डवर पंख्यासाठी जी जागा असते ती सर्वसाधारणपणे १ अँपियर पेलते, म्हणजे १२ वॉट. काही जागा, विशेषतः पंपासाठीच्या, २ किंवा ३ अँपियरच्या असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

नॉक्टुआ कंपनीच्या प्रसिद्ध १२० मिलिमीटरच्या एनएफ-ए१२एक्स२५ पंख्याला पूर्ण वेगात ०.१४ अँपियर लागतात. असे तीन पंखे वाय आकाराच्या साध्या फाटा-वायरीने एका जागेवर लावले तरी ०.४२, काही बिघडत नाही. आठ लावले तर १.१२, आणि मर्यादा ओलांडली. त्यात सुरू होताना प्रत्येक पंखा क्षणभर जास्त वीज ओढतो. दिव्यांच्या झगमगाटाचे पंखे असतील तर आणखी.

हब वीज घेतो ती हार्ड डिस्कसाठीच्या साटा जोडणीतून. त्या चपट्या जोडणीत १५ पिना असतात, त्यातल्या तीन १२ व्होल्टच्या, प्रत्येकी दीड अँपियर. एकूण साडेचार अँपियर, ५४ वॉट. म्हणजे कागदावर वरचे बत्तीस पंखे. एवढे बसवायला कॅबिनेटच नाही.

जुन्या चार पिनांच्या मोलेक्सपासून साटा बनवणारी स्वस्त जोड-वायर मात्र या कामाला वापरू नका. त्यातल्या काही प्रकारांत तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बसवलेल्या असतात, तारा जवळजवळ येतात, आतल्या आत शॉर्ट होऊन वितळल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. एसएमपीएसची स्वतःची वायर मोकळी असेल तर तीच घ्या.

खरी मेजवानी: हळू फिरणाऱ्यांची फौज

आता ज्यासाठी मी हबच्या प्रेमात आहे, ते.

सहज वाटतं की पंखे जास्त तर आवाज जास्त. आठ पंखे म्हणजे आठपट गोंगाट. प्रत्यक्षात पंख्याचं गणित फार वेगळं आहे, आणि अभियांत्रिकीची मुलं ते 'फॅन लॉज' म्हणून शिकतात. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो. दाब चतुर्थांश होतो. लागणारी वीज मात्र एक अष्टमांशावर येते. आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो.

पंधरा डेसिबल हा मोठा आकडा आहे. आवाज दहा डेसिबलने कमी झाला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. पंधरा म्हणजे निम्म्याहूनही बराच खाली.

तर आता एक पंखा पूर्ण वेगात फिरवण्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगात फिरवू. वारा तेवढाच. प्रत्येकाचा आवाज १५ डेसिबल कमी, आणि दोन सारखे आवाज एकत्र आले की वाढतात फक्त ३ डेसिबल. बेरीज-वजाबाकी करून १२ डेसिबलचा फायदा. वीज? दोन अष्टमांश, म्हणजे पाव. तेवढाच वारा, पाव वीज, आणि खोलीत शांतता. एकाने धापा टाकत जिना चढण्यापेक्षा दोघांनी ओझं वाटून घेऊन सावकाश चढावं, तसं.

एक अट आहे. दाब चतुर्थांश होतो हे विसरायचं नाही. पुढची जाळी धुळीने भरलेली असेल, किंवा दाट पत्र्यांचा रेडिएटर आडवा असेल, तर हळू पंख्याचा वारा अडतो आणि वरचा हिशेब तेवढा गोड राहत नाही. मोकळ्या जाळीच्या कॅबिनेटमध्ये मात्र तो जवळपास तसाच खरा उतरतो.

हब नसता तर ही फौज उभी करणं अवघड होतं. मदरबोर्डवर पंख्यांच्या जागा तीन-चार, स्वस्तातल्या बोर्डावर कधी दोनच. हबने सात-आठ पंखे एका हुकमाखाली आणले की सगळ्यांना एकदम ७०० फेऱ्यांवर ठेवता येतं. माझ्या कॅबिनेटमध्ये सात आहेत. रात्री लिहायला बसलो की पंखे चालू आहेत हे मला काचेतून बघून कळतं, ऐकून नाही.

किती वारा पुरे?

हिशेब सोपा आहे. पीसी आत ४०० वॉट उष्णता करतोय असं धरा. चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही जोरात असले की एवढी होते. आतली हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशांनीच गरम व्हावी अशी इच्छा असेल तर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा आरपार जायला हवी. मघाचा नॉक्टुआचा पंखा पूर्ण वेगात, समोर काही अडथळा नसताना, तासाला १०२ घनमीटर हवा ढकलतो; म्हणजे सेकंदाला २८ लिटर. निम्म्या वेगात १४. असे तीन पुढे लावले तर ४२. अडथळ्यांनी थोडं खाल्लं तरी काम भागतं. ४५ लिटरचं कॅबिनेट असेल तर त्यातली सगळी हवा सेकंद-दीड सेकंदात बदलते.

यात एक गोष्ट कुठलाही पंखा बदलू शकत नाही: हवा खोलीतलीच असते. मे महिन्यात नागपुरात खोली ४० अंशांवर असेल तर कॅबिनेट ४० च्या वरच राहणार, पंखे आठ असोत वा अठरा. हब तुम्हाला शांतता देईल. थंडावा खोलीकडूनच यायचा.

पात्याच्या टोकाचा वेग

२००० फेऱ्यांवर १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या पात्याचं टोक ताशी ४० किलोमीटरच्या वर धावत असतं, गल्लीतल्या दुचाकीएवढं. आणि नॉक्टुआच्या त्या पंख्यात टोक आणि चौकट यांच्यात फट आहे फक्त अर्ध्या मिलिमीटरची. प्लॅस्टिक गरम होऊन किंचित ताणलं गेलं तर ते घासेल, म्हणून त्यासाठी वेगळं, ताठ राहणारं प्लॅस्टिक शोधावं लागलं.

दोन तंबोरे, किंचित बेसूर

एका हुकमाने चालणारे पंखे एकाच वेगाने फिरतात का? नाही. हुकूम सारखा असतो, पण पंखे तंतोतंत सारखे नसतात. चांगल्या पंख्याच्या खोक्यावरही वेगापुढे 'दहा टक्के कमी-जास्त' लिहिलेलं असतं. आणि इथून एक सुरेल अडचण सुरू होते.

सात पात्यांचा पंखा मिनिटाला १००० फेऱ्या घेतो तेव्हा सेकंदाला सुमारे ११७ वेळा पातं एका ठिकाणावरून जातं. तोच त्याचा सूर. शेजारचा जुळा पंखा १०२० वर असेल तर त्याचा सूर ११९. हे दोन सूर एकत्र आले की सेकंदाला दोनाहून थोडी जास्त अशी आवाजाची भरती-ओहोटी ऐकू येते: वूँ-वूँ-वूँ. मिरजेत तंबोरा जुळवणारा कारागीर हेच ऐकत बसतो. जोडीच्या तारा जवळ आल्या की लाटा मंद होतात, एकरूप झाल्या की थांबतात. तिथे खुंटी पिळता येते. हबवरच्या पंख्याला खुंटी नसते.

आवाज मोठा नसतो, पण हलता असतो, आणि कान स्थिर आवाजाला विसरतो, हलत्याला विसरत नाही. ज्यांना 'पीसी कण्हतोय' असं वाटतं त्यांच्यापैकी अनेकांचा हाच प्रकार असतो. इलाज दोन. एक म्हणजे फरक वाढवणं, म्हणजे लाटा इतक्या जलद होतात की त्या लाटा म्हणून जाणवत नाहीत. २०२४ मध्ये नॉक्टुआने १४० मिलिमीटरच्या नव्या पंख्यांची अशी जोडीच विकायला काढली, ज्यात एक पंखा मुद्दाम किंचित जलद आणि एक किंचित सावकाश ठेवलेला आहे. दुसरा इलाज घरगुती: पात्यांची संख्या वेगळी असलेले पंखे मिसळायचे. आर्क्टिक कंपनीच्या पी१२ ला पाती पाच, नॉक्टुआच्या ए१२एक्स२५ ला नऊ; त्यांचे सूर जवळ येतच नाहीत.

पिंगळ्याची गोष्ट

नॉक्टुआ हे नाव मी इतक्यांदा घेतलं, तर ते आलं कुठून? ही २००५ साली सुरू झालेली ऑस्ट्रियाची कंपनी, आणि तिचं बोधचिन्ह घुबड. युरोपातल्या छोट्या घुबडाचं शास्त्रीय नाव अथेनी नॉक्टुआ. आपल्याकडे वाड्यांच्या भिंतीत, आंब्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा त्याच कुळातला, अथेनी ब्रामा. घुबड उडताना आवाज करत नाही, कारण त्याच्या पिसांची पुढची कड कंगव्यासारखी दातेरी असते आणि ती हवेचे मोठे भोवरे मोडून टाकते. आवाज न करणारे पंखे करायचे म्हणणाऱ्यांना याहून चांगलं दैवत सापडलं नसतं.

  

तीन पिनांचा पाहुणा

जुन्या पीसीतला चांगला चालणारा तीन पिनांचा पंखा आपण टाकून देत नाही, हबवर लावतो. तो बसतोही, कारण खाचा तशाच ठेवल्या आहेत. पण त्याला निळी तारच नाही. हब त्याला थेट १२ व्होल्ट देतो आणि तो कायम पूर्ण वेगात पळतो. सात पंखे सावकाश आणि आठवा सुसाट. सगळी शांतता तो एकटा घालवतो. हबला दोष देऊ नका. अशा पंख्याला मदरबोर्डवरच्या मोकळ्या जागेवर लावा आणि बायोसमध्ये ती जागा 'डीसी' करा, म्हणजे व्होल्ट कमी करून त्याचा वेग उतरवता येईल. काही खास हब पीडब्ल्यूएमचा इशारा घेऊन त्याचं व्होल्टमध्ये रूपांतर करतात, ते घेतले तर प्रश्नच मिटला.

पंखा नको म्हणणारे, आणि नऊ पंखे लावणारे

१९८० साली ॲपलने अ‍ॅपल-थ्री नावाचा संगणक काढला. स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह: पंखा नको, आवाज नको. यंत्र तापायचं, आतल्या चिपा जागेवरून सुटायच्या, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून खाली सोडा म्हणजे चिपा परत बसतील, असा सल्ला ग्राहकांना मिळायचा. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्येही पंखा नव्हता.

त्याच कंपनीने २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ आणला, नऊ पंख्यांचा. आतली जागा चार कप्प्यांत विभागलेली, प्रत्येक कप्प्याचं तापमान वेगळं मोजायचं आणि त्या कप्प्याचेच पंखे हवे तेवढे फिरवायचे. आणि तो आधीच्या मॅकपेक्षा शांत होता! आवाज नको हा जॉब्स यांचा हट्ट दोन्ही वेळा तोच होता. पहिल्यांदा त्यांनी पंखे काढून टाकले, तेवीस वर्षांनी पंखे वाढवून वेगावर ताबा मिळवला. आज आपण हबने जे करतो त्याचं हे मला सापडलेलं सगळ्यात देखणं उदाहरण.

इलेक्ट्रॉनच्या आधीचा शोध

पंख्याच्या पोटात ब्रश नसतात. चुंबक फिरतो, वेटोळी स्थिर राहतात, म्हणून घासून झिजणारं काही नाही. पण मग चुंबक आत्ता कुठे आहे हे मोटरला कसं कळतं? मुगाच्या डाळीएवढ्या हॉल सेन्सरमुळे. एडविन हॉल या विद्यार्थ्याने १८७९ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तो परिणाम शोधला: वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्ट दिसतात. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. म्हणजे वीज कशाची बनते हे कळायच्या अठरा वर्षं आधी, ती चुंबकाने बाजूला ढकलली जाते हे त्याने मोजून दाखवलं होतं. हिरव्या तारेवरच्या त्या दोन टिचक्या याच सेन्सरच्या.

घरातल्या छताच्या पंख्यातही आता ब्रशविना डीसी मोटर आली आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेल्या ॲटमबर्गने ती आपल्याकडे घराघरांत नेली. जिथे जुना पंखा ७५ वॉट घ्यायचा तिथे नवा २८ वर भागवतो. दुकानात 'बीएलडीसी' म्हणून जो मागता, त्याचाच धाकटा भाऊ कॅबिनेटमध्ये कधीपासून फिरतोय.

दिव्यांची पंगत

रंगीत पंख्यांना आणखी एक वायर असते, दिव्यांची. ज्यात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा करता येतो अशा पंख्यांत डब्ल्यूएस २८१२ किंवा तशाच जातीचे दिवे असतात. पंगतीत बसलेल्यांनी आपल्यापुरतं वाढून घेऊन भांडं पुढे सरकवावं, तसं हे दिवे वागतात. रंगांचे आकडे एका ओळीत येतात. पहिला दिवा पहिले २४ अंक स्वतःला ठेवतो आणि उरलेले पुढच्याला देतो, तो पुढच्याला. २४ अंकांत १,६७,७७,२१६ रंग मावतात.

पण पंगतीत एक जण उठला की भांडं तिथेच अडतं. मधला एक दिवा गेला तर पुढचे सगळे अंधारात. पंख्यांचा हब तसा नाही. तिथे प्रत्येकाला इशारा स्वतंत्र मिळतो, एक बंद पडला तर बाकीचे फिरत राहतात. आणि सांभाळायची गोष्ट एकच: हे दिवे ५ व्होल्टचे, तीन पिनांचे. मदरबोर्डवर १२ व्होल्टची चार पिनांची जुनी दिव्यांची जागाही असते. चुकून तिथे दाबून बसवले तर दिवे गेलेच म्हणून समजा.

खरेदीला जाताना

बाजारात नावं पुष्कळ आहेत. आर्क्टिकचा हब आणि डीपकूलचा एफएच-१० हे दहा जागांचे, नॉक्टुआचा एनए-एफएच१ आणि सिल्व्हरस्टोनचा सीपीएफ०४ आठ जागांचे. काही कॅबिनेटांत हब कारखान्यातूनच बसवलेला येतो. नवा घ्यायच्या आधी पत्र्यामागे एकदा डोकवा. आर्क्टिकच्या पीएसटी पंख्यांना तर हबही लागत नाही: प्रत्येकाच्या शेपटीला पुढच्याची जागा, एकामागे एक लावत जायचं. तीन-चार पंख्यांना हे उत्तम, मात्र सगळी वीज मदरबोर्डकडूनच जाते, तेव्हा एक अँपियरची आठवण ठेवायची.

हबची वायर मदरबोर्डवर कॅबिनेटच्या पंख्यासाठी असलेल्या जागेवर लावा, प्रोसेसरचा पंखा त्याच्या हक्काच्या जागेवर स्वतंत्र राहू द्या. बायोसमध्ये ती जागा 'पीडब्ल्यूएम' वर आहे ना बघा. 'ऑटो'वर काही बोर्ड चुकीचा अंदाज बांधतात आणि हबला इशाराच मिळत नाही. तापमानाप्रमाणे वेगाची रेघ ठरवताना खालचा भाग लांबवर सपाट ठेवा. साठ अंशांपर्यंत पंख्यांचा वेग हलूच नये, नाहीतर ब्राउझर उघडला की फौज उसळते आणि लगेच बसते. सतत बदलणारा आवाज स्थिर आवाजापेक्षा जास्त छळतो.

शक्यतो एका हबवर एकाच जातीचे पंखे. ३० टक्क्यांच्या हुकमावर एका कंपनीचा पंखा ४५० फेऱ्या घेईल तर दुसरीचा ७००. आर्क्टिकच्या काही पंख्यांत ५ टक्क्यांखाली पूर्ण थांबायची सोय आहे; इतर कित्येकांचे त्या हुकमावरही फिरतच राहतात. सूर टाळायला जाती मिसळायच्याच असतील तर पुढे एक जात, मागे आणि वर दुसरी, असं करा.

दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडाल तेव्हा ब्लोअरचा झोत मारण्याआधी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. झोताने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंगवर ताण येतो. आत जाणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडा जास्त ठेवला असेल, आणि तो जाळीतून येत असेल, तर धूळ मुख्यतः जाळीवरच अडकलेली सापडेल. जाळी नळाखाली धुतली, वाळवली की झालं. मग पत्र्याची बाजू उघडा, हबवरून हात फिरवून एखादी वायर सैल झाली आहे का पाहा. पंखे काढून परत लावत असाल तर आधी १ नंबरची जागा भरा.